खाज की आग?

जबलपूरच्या अधारतालमधल्या एका दवाखान्यात लाल चेहरा घेऊन कुणी आलं, की डॉक्टरबाई आधी बाह्या वर करायला सांगतात. कोपराची आतली घडी, मान, कानामागची जागा, गुडघ्यामागचा खळगा. चेहऱ्याची पाळी सगळ्यात शेवटी. तोवर एकच प्रश्न दोन-तीन वळणांनी येऊन जातो: खाज सुटते की आग होते?

इसब खाजतो. रात्री झोपमोड होईल इतका. त्वचा कोरडी पडते, पापुद्रे निघतात, कधी पाणी सुटतं. जुना झाला की ती जागा जाड आणि काळसर होते. बऱ्याचदा तो लहानपणापासून घड्यांमध्ये मुक्काम ठोकून असतो, आणि घरात कुणाला दमा किंवा सारखी सर्दी असते. चेहरा लाल करणारा दुसरा आजार रोझेशिया. तो चेहऱ्याचा मधला भाग धरतो: गाल, नाक, हनुवटी, कपाळ. साधारण तिशीनंतर सुरू होतो. खाजेपेक्षा चुरचुर आणि आग जास्त. बारीक पुटकुळ्या येतात म्हणून लोक त्याला मुरुमं समजतात. पण मुरुमांतले काळ्या टोकांचे खिळे इथे सापडत नाहीत.

हे सांगायला सोपं, बघायला अवघड. रोझेशिया म्हणजे गोऱ्यांचा आजार, असं बरीच वर्षं धरलं जायचं. पुस्तकांतली चित्रंही गोऱ्या गालांची. इथल्या उन्हात रापलेल्या गालावर लाली तांबूस-तपकिरी दिसते, कधी दिसतच नाही. म्हणून डॉक्टरबाई हाताची मागची बाजू गालाला लावून ऊब बघतात. मग काचेची पट्टी हलकेच दाबतात. रंग ओसरला, तर तो रक्तवाहिन्यांचा. डाग पडलेला असेल, तर काचेखालीही तसाच राहतो. शेवटी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा बघायचं भिंग. त्यातून मलाही बघायला मिळालं: सावळ्या त्वचेत बारीक लाल रेघांची चौकटीचौकटीची जाळी. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं.

तो गाल एका पंचेचाळिशीच्या मराठी काकूंचा होता. ‘चहाचा कप ओठाशी नेला की गाल पेटतात,’ त्या म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी लगेच डोळ्यांचं विचारलं. हो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. रांजणवाडीही सारखी येते. काकूंनी ते जागरणाच्या खाती टाकलं होतं. रोझेशिया डोळ्यांतही उतरतो, आणि विचारल्याशिवाय ते कुणी सांगत नाही. सांधेदुखी, केस गळणं, तोंडात फोड, हेही विचारून झालं, कारण गालांवरची लाली कधी ल्युपस नावाच्या आजाराची असते.

मग काकूंच्या पर्समधून ट्यूब निघाली. मेडिकलवाल्याने दिलेली. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकात. ‘लावली की दोन दिवसांत चेहरा साफ होतो हो!’ साफ होतो, खरंच. इसबावर तज्ज्ञाने मोजून दिलेलं सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस लावलं, तर ते औषधच आहे. रोझेशियावर तीच ट्यूब लाली तात्पुरती दाबते, त्वचा पातळ करते आणि थांबवली की दुप्पट भडका. मग पुन्हा ट्यूब. शिवाय दोन्ही आजारांच्या खुणा ती पुसून टाकते. तपासणाऱ्यासमोर उरतो तो ट्यूबने केलेला तिसराच चेहरा. सरकारने 2018 मध्ये 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. मेडिकलच्या काउंटरवर पाच मिनिटं उभं राहिलं, की त्या बंदीची किंमत कळते.

काकूंचं बेसन, लिंबू, वाफ, फेशियल सगळं बंद. सौम्य फेसवॉश, रोज सनस्क्रीन, मेट्रोनिडाझोल जेल. ट्यूब कशी सोडायची ते वेगळं लिहून दिलं. चहा सोडायचा नाही, निववून प्यायचा. कशाने गाल पेटतात ते वहीत टिपायचं, कारण प्रत्येकाची यादी वेगळी: ऊन, तिखट, चूल, दारू, राग.

त्यांच्यानंतर आलेला पन्नाशीचा शेतमजूर जबलपूरजवळच्या पनागरकडचा. पापण्या जाड, मानेच्या वळ्या काळ्या, नखं खाजवून गुळगुळीत झालेली. पहिली काही वर्षं हे दुखणं पावसाळ्यात उठायचं नि थंडीत बसायचं, आता बारमाही. डॉक्टरबाईंनी त्याची हनुवटी वर केली आणि मला बोटाने दाखवलं: हनुवटीखाली, कानामागे, वरच्या पापणीवर, सगळीकडे आहे. नुसत्या उन्हाने होणारा आजार या सावलीच्या जागा सोडतो. इथे हवेतून काहीतरी येऊन बसतंय.

जबलपूर परिसरात पहिला संशय गाजरगवतावर. गंमत म्हणजे हे पाहुणं पुण्याकडचं: भारतात त्याची नोंद पहिल्यांदा तिथेच झाली, 1950च्या दशकात. त्याने होणाऱ्या त्वचादाहावर लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांचा शोधनिबंध 1974 मध्ये आला. आणि या तणाचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था, तण संशोधन निदेशालय, 1989 मध्ये सुरू झाली; ती इथेच, अधारतालच्या महाराजपुरात आहे. दर वर्षी 16 ते 22 ऑगस्टला ती गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. तणातलं पार्थेनिन हे द्रव्य वाळक्या चुऱ्यातून उडतं नि त्वचेला खवळवतं.

संशय पक्का करायला पॅच टेस्ट. ॲल्युमिनियमच्या टिकल्याएवढ्या वाट्या, प्रत्येकीत एकेका पदार्थाचा ठिपका. त्यांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवायच्या आणि शेजारी मार्करने आकडे घालायचे. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. उन्हाळ्यात घामाने पट्ट्या सुटतात, म्हणून हे काम थंडीतलं. 48 तासांनी पट्ट्या काढतात, खरं वाचन 96 तासांनी. त्याची पाठ बाकी सगळ्या आकड्यांशेजारी स्वच्छ होती. गाजरगवताच्या जागी मात्र लाल, बोटाला लागेल असा उंचवटा आणि त्यात पाण्याचे बारीक फोड.

‘खेत तो नहीं छोड़ सकते, मैडम,’ तो म्हणाला. तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट, घरी गेल्यावर आधी अंघोळ, अंगाला व्हॅसलीन, चेहऱ्याला टॅक्रोलिमस मलम, आणि अझाथायोप्रिनच्या गोळ्या; त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासणं आलंच. गवत त्याने उपटायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी हातमोजे घालून, फुलावर येण्याआधी. वाळलेलं जाळायचं नाही. शेजारच्या बांधावर कंबरभर माजलंय, त्याचं काय, असं त्याने विचारलं. त्यावर चिठ्ठी चालत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. पण हे गवत खाणारे मेक्सिकोचे भुंगेरे असतात, पाऊस पडला की महाराजपूरला जाऊन विचारा.