परक्याच्या शेतातून, हक्काच्या वाटेने

(इंग्लंडमधल्या एकट्याने करायच्या लांबच्या पदभ्रमंतीविषयी दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून एकट्याने लांब चालणं' असा आजचा विषय आहे. यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. आपल्याकडे चालण्याचं अप्रूप नाही. आषाढीला लाखो माणसं पायी पंढरपूरला जातात. नर्मदेची परिक्रमा करणारे आहेत, दर रविवारी सह्याद्रीत जाणारे आहेत. मग इंग्लंडचं वेगळं काय? एका शब्दात सांगायचं तर 'फुटपाथ'.

आपण रस्त्याच्या कडेला जो असतो, किंवा असायला हवा, त्याला फुटपाथ म्हणतो. (हशा) इंग्लंडमध्ये त्याला पेव्हमेंट म्हणतात. तिथे फुटपाथ म्हणजे पायवाट. शेतातून, कुरणातून, ओढ्याच्या काठाने, कधी कुणाच्या घराच्या परसातून जाणारी. तिथे 'पब्लिक फुटपाथ' अशी पाटी असली की जमीन शेतकऱ्याची, पण त्यावरून चालत जाण्याचा हक्क सगळ्यांचा. परवानगी मागायची नाही, तिकीट नाही, नोंदणी नाही, वाटाड्या नाही. तुम्ही इंग्रज असण्याचीही अट नाही. माझ्यासारखी सातारा जिल्ह्यातून गेलेली बाई एखाद्या लॉर्डच्या कुरणातून सरळ चालत जाऊ शकते, आणि तो लॉर्ड काही म्हणू शकत नाही.

इंग्लंड आणि वेल्स मिळून पायवाटा, घोडवाटा वगैरे अशा सार्वजनिक वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर आहे. म्हणजे पृथ्वीला साडेपाच प्रदक्षिणा झाल्या.

मला आज एवढंच सांगायचं आहे, की एकट्याने चालण्याचा जो आनंद आहे तो या हक्कावर उभा आहे. आणि हा हक्क एकट्याने मिळवलेला नाही. तो अनेकांच्या पायांनी तयार झाला आणि पायांनीच टिकतो.

वाट कशी 'सार्वजनिक' होते?

हे मला सगळ्यात गमतीचं वाटतं. तिथल्या १९८० च्या हायवेज कायद्यात अशी तरतूद आहे, की एखाद्या वाटेने लोक सलग २० वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता, दांडगाई न करता चालत राहिले, तर मालकाने ती वाट लोकांना दिली आहे असं गृहीत धरलं जातं. आपला तसा इरादा नव्हता, हे मालकाने वेळच्या वेळी दाखवून दिलं असेल तर गोष्ट वेगळी. 'न विचारता' यावर लक्ष द्या. परवानगी घेऊन चाललात तर ती मालकाची मेहरबानी झाली. न विचारता, चोरून न जाता चाललात तर हक्क तयार होतो. आपल्या संस्कारात हे जरा बसत नाही. (हशा)

दुसरं तत्त्व असं, की एकदा वाट सार्वजनिक झाली की ती कायमची सार्वजनिक. शंभर वर्षं तिथे कुणी फिरकलं नाही तरी हक्क बुडत नाही. पण तो सिद्ध करायला नोंद लागते. १९४९ साली कायदा झाला आणि प्रत्येक जिल्ह्याने आपल्या हद्दीतल्या वाटांचे अधिकृत नकाशे करायचे असं ठरलं. काही ठिकाणी हे काम नीट झालं, काही ठिकाणी अर्धवट राहिलं. अनेक जुन्या वाटा नकाशावर आल्याच नाहीत. चालणाऱ्यांच्या 'रॅम्बलर्स' या संस्थेने स्वयंसेवकांकरवी जुने आणि नवे नकाशे ताडून पाहिले, तेव्हा अशा सुमारे ४९,००० मैल वाटा नोंदीतून सुटल्या असाव्यात असं दिसलं. त्या नोंदवायला सरकारने आधी २०२६ ची मुदत घातली, मग ती २०३१ केली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही मुदतच काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. म्हणजे प्रकरण अजून संपलेलं नाही. ज्या वाटेने आपण चालतो ती कुणीतरी कागदावर आणली म्हणून उरली आहे.

तुरुंगात गेलेली माणसं

पायवाटा होत्या, पण डोंगरमाथे बंद होते. मँचेस्टर आणि शेफील्ड ही कारखान्यांची शहरं, आणि दोन्हींच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्टची उघडी माळरानं. तिथे श्रीमंतांच्या शिकारीसाठी ग्राऊस पक्षी राखलेले असत, म्हणून सामान्य माणसाला मज्जाव. आठवडाभर धुरात राबलेला कामगार रविवारी डोंगर लांबून बघायचा.

२४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम, दिवसाढवळ्या घुसले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता. रखवालदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या, रॉथमनला चार महिने. शिक्षा ऐकून लोक चिडले, आणि चळवळीला बळ मिळालं. १९३५ मध्ये टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने वर्तमानपत्रातून पेनाइन डोंगररांगेवरून जाणाऱ्या लांब वाटेची कल्पना मांडली. ती 'पेनाइन वे' उघडायला तीस वर्षं लागली. तारीख होती २४ एप्रिल १९६५. किंडर स्काउटला त्या दिवशी बरोबर ३३ वर्षं झाली होती. पुढे २००० सालच्या कायद्याने डोंगर, माळरान, गायरान अशा नोंदलेल्या मोकळ्या जमिनीवर वाट सोडूनही फिरायची मुभा मिळाली.

पेनाइन वे सुमारे ४३० किलोमीटरची आहे. डर्बीशरमधल्या ईडेल गावी सुरू होते आणि सीमा ओलांडून स्कॉटलंडमधल्या कर्क येटहोमला संपते. मधे बरीच दलदल आहे, पाय गुडघ्यापर्यंत जाईल अशी. तिथे आता मोठमोठ्या दगडी फरश्या टाकल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी फरश्या बंद पडलेल्या जुन्या कापड गिरण्यांच्या आहेत. ज्या फरशीवर उभं राहून कामगार दिवसभर राबले, तीच आता माळरानावर वाट झाली आहे. आपल्या वऱ्हाडचा कापूसही एके काळी लँकेशायरच्या गिरण्यांत जात होता. त्यामुळे त्या फरशीवर पाय ठेवताना मला अगदीच परकं वाटत नाही.

प्रत्यक्ष चालायचं कसं?

पहिली गोष्ट नकाशा. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा 'एक्स्प्लोरर' नकाशा घ्यावा. नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक वाटा. शेताचं प्रत्येक कुंपण त्यात दाखवलेलं असतं, आणि हे फार कामाचं आहे. 'दोन कुंपणं ओलांडली, आता तिसऱ्याशी डावीकडे' असं मोजत जाता येतं. फोन असू द्या, पण दरीत रेंज जाते आणि थंडीत बॅटरी उतरते, तेव्हा कागदाला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट खुणा. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा बाण म्हणजे घोडवाट, आणि ओकच्या फळाचं चित्र म्हणजे राष्ट्रीय दर्जाची लांब वाट. कुंपण ओलांडायला लाकडी किंवा दगडी पायऱ्या असतात. काही ठिकाणी एका वेळी एकच माणूस जाईल असं झुलतं फाटक असतं. गुरांना ते जमत नाही, आणि पाठीवर मोठी सॅक असेल तर माणसालाही जमत नाही. (हशा) नियम एकच. फाटक जसं असेल तसं ठेवून जायचं. उघडं असेल तर उघडं, लावलेलं असेल तर लावलेलं.

पीक मध्ये आलं तर? पुष्कळांना तिथे संकोच वाटतो. शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकऱ्याला नांगरता येते, पण पेरणीसाठी नांगरली तर १४ दिवसांत किमान एक मीटर रुंद वाट पुन्हा मोकळी करून द्यावी लागते. तेव्हा गव्हातून वाट काढलेली दिसली तर खुशाल मधून जा. कडेने वळसा घालू नका, वळसा घालणं म्हणजे उलट वाट सोडून जाणं.

गाई मात्र गंभीरपणे घ्या. आपल्याला गाय गरीब वाटते. तिथे वासरं बरोबर असलेल्या गाई अंगावर येतात आणि त्यात माणसं दगावलेली आहेत. लांबून जा, गाय आणि वासरू यांच्यामध्ये येऊ नका, पळू नका.

तिसरी गोष्ट वेळ. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब सांगितला, तो आजही वापरतात. साधारण पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. यात थांबणं, खाणं, फोटो काही धरलेलं नाही. उत्तर इंग्लंडमध्ये जूनमध्ये उजेड सतरा तास असतो, डिसेंबरमध्ये सात-साडेसात. तेव्हा पहिली लांब वाट मे-जूनमध्ये करावी.

मुक्कामाला गावातली घरगुती न्याहारीची घरं आहेत, यूथ होस्टेलं आहेत. तंबू मात्र कुठेही ठोकता येत नाही, जमीनमालकाची परवानगी लागते. मोठा अपवाद डार्टमूरचा. तिथल्या गायरानांवर तंबूत राहण्याचा हक्क आहे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२५ मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला.

आणि एकट्याने का?

विल्यम हॅझलिटने १८२२ मध्ये प्रवासावर निबंध लिहिला, त्यात त्याने एकट्याने चालण्याची बाजू जोरात मांडली आहे. वर्ड्स्वर्थची डॅफोडिलांवरची कविता तर तुम्ही शाळेत शिकला असाल, एकट्या भटकणाऱ्या ढगासारखा कवी. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ च्या त्या फेरीत त्याची बहीण डोरोथी बरोबर होती, आणि त्या फुलांचं वर्णन तिने आपल्या रोजनिशीत आधीच करून ठेवलं होतं. (हशा) खरा एकटा चालणारा आल्फ्रेड वेनराइट. केंडल गावच्या नगरपालिकेत हिशेबाची नोकरी. सुट्टीत बसने जायचं, डोंगर चढायचा, संध्याकाळी घरी येऊन हाताने नकाशे काढायचे, हातानेच मजकूर लिहायचा. अशी १३ वर्षांत लेक डिस्ट्रिक्टच्या २१४ डोंगरांवर सात पुस्तकं झाली. आज हजारो लोक तीच पुस्तकं घेऊन एकटे जातात. म्हणजे वेनराइट त्यांच्याबरोबर असतोच.

माझा अनुभव सांगते. सोबत कुणी असलं की आपण अर्धं लक्ष त्या माणसाकडे देतो. तो दमला का, त्याला कंटाळा आला का. एकटं असलं की पहिले दोन दिवस डोक्यात नुसता कालवा असतो. ऑफिस, घर, राहिलेली बिलं. तिसऱ्या दिवशी तो आपोआप बसतो. मग चंडोल ऐकू येतो. वाऱ्याची दिशा बदललेली गालाला कळते. आणि प्रत्येक निर्णय आपला असतो. धुक्यात पुढे जायचं की परतायचं, हे विचारायला कुणी नसतं, आणि चुकलं तर बोल लावायलाही कुणी नसतं. वारीत माणूस 'मी' विसरतो तो गर्दीत आणि नामात. इथे 'मी' आधी फार मोठा होतो आणि मग हळूहळू गळतो. रस्ते वेगळे, पण मुक्काम फार लांब नसावा असं मला वाटतं.

प्रश्नोत्तरांतून

*एकट्या बाईला भीती नाही वाटत?*

वाटते. पण खरं सांगायचं तर शहरातल्या बसस्टॉपपेक्षा माळावर कमी वाटते. घ्यायची ती काळजी घ्यायची. कुठून कुठे जाणार हे रोज कुणाला तरी कळवायचं आणि पोचल्यावर सांगायचं. शिट्टी जवळ ठेवायची. मिनिटात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा फुंकायची, ही मदतीची खूण आहे. फोन लागला तर ९९९ फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. येणारे सगळे स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत. पुन्हा तेच आलं बघा, एकटेपणामागे किती माणसं उभी असतात.

*सुरुवात कुठून करावी?*

साउथ डाउन्स वे. विंचेस्टर ते ईस्टबोर्न, १६० किलोमीटर, आठ-नऊ दिवस आरामात. चढ बेताचे, कोरडी खडूची जमीन, आणि दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन. नाहीच जमलं तर घरी परतता येतं.

*आपल्याकडे असं का नाही?*

अगदीच नाही असं नाही. पाणंद हा शब्द आपलाच आहे. शेताच्या बांधावरून जाण्याच्या रस्त्यासाठी महसूल कायद्यात कलम १४३ आहे, अडवलेला रस्ता मोकळा करायला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. पण हे हक्क शेतात पोचण्यासाठी आहेत, सहज चालत जाणाऱ्या वाटसरूसाठी नाहीत. फिरायला निघालेला माणूसही हक्काने जाऊ शकतो, ही कल्पना आपल्या कायद्यात अशी मांडलेली नाही. तरी एक करा. आपल्या गावाचा जुना नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळवा आणि त्यातल्या तुटक रेषा बघा. त्यांतल्या किती वाटा आज जमिनीवर आहेत, ते एका रविवारी स्वतः चालून पाहा. जिथे वाट सापडणार नाही, तिथे कुणाच्या तरी आजोबांना विचारा. त्यांना आठवत असेल.