तीस दिवसांचा मानसशास्त्रज्ञ

माझी एक मावसबहीण शिकागोला विद्यापीठात शिकते. मावशीचे घर मात्र कॅलिफोर्नियात, फ्रीमाँट गावी. दुसऱ्या वर्षाला असताना तिची झोप उडाली, वर्गात बसवेना, परीक्षेचे नाव काढले की छातीत धडधडू लागे. मैत्रिणींच्या आग्रहावरून ती एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाऊ लागली. आठवड्याला एक बैठक, असे सात महिने चालले आणि गुण दिसू लागला. जूनमध्ये सुट्टी लागली, ती घरी निघाली, तेव्हा बाई म्हणाल्या, "तू कॅलिफोर्नियात गेलीस की मला तुझ्याशी तीसच दिवस बोलता येईल. पुढे नाही." हे बोलणे व्हायचे होते संगणकाच्या पडद्यावर. बाई शिकागोतल्या आपल्या खोलीतून हलणार नव्हत्या, आणि त्यांचा परवाना कोणी काढून घेतलेला नव्हता. बहिणीला वाटले, बाईंना आपला कंटाळा आला. खचलेल्या मनाला दुसरे काय वाटणार? खरे कारण कायद्याचे होते, हे तिला आणि मलाही पुष्कळ उशिरा कळले. तिची परवानगी घेऊनच ही हकीकत येथे लिहिली आहे, कारण आपल्या वर्गातल्या बहुतेकांना हा प्रकार ऐकूनही माहीत नसेल.

अमेरिका एक देश असला तरी व्यवसायांच्या परवान्याच्या बाबतीत तो पन्नास देशांसारखा वागतो. जे अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे राहतात, असे तिथली दहावी घटनादुरुस्ती सांगते. वैद्यकीसाठी परवाना सक्तीचा करण्याचा राज्याचा हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ मध्ये, वेस्ट व्हर्जिनियातील डेंट नावाच्या एका वैद्याच्या खटल्यात मान्य केला. मानसशास्त्रज्ञांचा पहिला परवाना कायदा कनेक्टिकट राज्याने १९४५ मध्ये केला आणि शेवटचा मिसूरीने १९७७ मध्ये. प्रत्येक राज्याचे मंडळ वेगळे, नियम वेगळे, शुल्क वेगळे. मौज अशी की लेखी परीक्षा बहुतेक सगळीकडे एकच आहे. इलिनॉयचा मोटार चालवण्याचा परवाना खिशात घालून तुम्ही खुशाल कॅलिफोर्नियात गाडी हाका. माणसाच्या मनाची गाडी हाकणाऱ्याला मात्र ती सोय नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. बाई शिकागोत, बहीण फ्रीमाँटला, मधे तारांचे जाळे. मग उपचार नेमका घडला कोठे? बोलणाऱ्याच्या खोलीत की ऐकणाऱ्याच्या? अमेरिकेतील मंडळांनी याचे उत्तर साधारणपणे एकच दिले आहे: उपचार घेणारा ज्या जागी बसला असेल तेथे उपचार घडतो. बहीण विमानातून उतरली त्या क्षणी बाई, खुर्चीवरून न उठता, कॅलिफोर्नियात व्यवसाय करू लागल्या होत्या, आणि तेथला परवाना त्यांच्याकडे नव्हता.

प्रथमदर्शनी हा निव्वळ कागदी हेका वाटतो. मीही आधी तसेच म्हणत होतो. पण आमच्या विषयाच्या सरांनी मला एक खटला वाचायला सांगितला आणि माझे मत थोडे बदलले. १९६९ मध्ये बर्कली येथे टॅरासॉफ नावाच्या विद्यार्थिनीचा खून झाला. खून करणारा विद्यार्थी भारतातून गेलेला होता, आणि आपला हेतू त्याने विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञापाशी आधीच बोलून दाखवला होता. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, त्यांनी त्याला ताब्यात घेऊन सोडून दिले. मुलीला मात्र कोणी सावध केले नाही. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये निर्णय दिला की, ज्याच्या जिवाला धोका आहे त्याच्या रक्षणासाठी वाजवी उपाय करणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, मग त्यासाठी गुप्तता मोडावी लागली तरी. याउलट टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये असे कर्तव्य लादण्यास नकार दिला. म्हणजे तेच वाक्य रुग्णाने एका राज्यात उच्चारले तर उपचारकाने हालचाल केलीच पाहिजे, आणि दुसऱ्या राज्यात तशी सक्ती नाही. तेव्हा जेथे रुग्ण आहे तेथला कायदा उपचारकाला ठाऊक असावा, ही अपेक्षा गैर म्हणता येत नाही. शिवाय उपचारकाने गैरवर्तन केले तर रुग्णाने दाद कोणाकडे मागायची? मंडळ शिस्त लावू शकते ती आपला परवाना असलेल्यांना. परक्या राज्यातल्या माणसाचे ते काय वाकडे करणार?

तरीही माणसे प्रवास करतात, हे राज्यांनाही दिसत होतेच. म्हणून तात्पुरत्या परवानगीचे नियम आले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दुसऱ्या राज्यातील डॉक्टरेट पातळीच्या परवानाधारकाला वर्षात ३० दिवसांची मुभा आहे. फ्लॉरिडाने वर्षाला १५ दिवस ठरवले आहेत. कोठे आधी अर्ज करावा लागतो, कोठे नाही. दिवस सलग मोजायचे की बैठकीचे तेवढेच, याविषयीही एकवाक्यता नाही. बाईंनी जपून वागायचे ठरवले आणि सलग मोजले. हिशेब सोपा आहे: सलग तीस दिवसांत आठवड्याच्या चार बैठका बसतात. बैठकी मोजल्या असत्या तर सगळी सुट्टी निभावून वर दिवस उरले असते! एका शब्दाच्या अर्थावर एका मुलीचे दोन महिने गेले. या नियमांची भाषा वाचली की वाटते, ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चार दिवसांसाठी परगावी आलेला मानसशास्त्रज्ञ असावा. आता तो जागीच बसलेला असतो, आणि गाव बदलतो तो रुग्ण. सुट्टीला घरी जाणारा विद्यार्थी त्या दिवसांच्या मापात बसत नाही.

२०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा अनेक राज्यांनी हे निर्बंध घाईघाईने सैल केले. वसतिगृहे रिकामी झाली होती, मुले देशभर पांगली होती, उपचार मात्र पडद्यावरून चालू राहिले. पुढे आणीबाणीचे हुकूम एकेक करून संपले आणि हद्दी पुन्हा उभ्या राहिल्या.

यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे 'सायपॅक्ट' हा आंतरराज्य करार. परवाना मंडळांच्या संघटनेने त्याचा मसुदा २०१५ मध्ये पुढे आणला. ॲरिझोनाने तो २०१६ मध्ये प्रथम स्वीकारला. सात राज्यांनी कायदा केल्यावरच तो अमलात यायचा होता. ती संख्या २०१९ मध्ये भरली आणि २०२० च्या मध्यापासून अर्ज घेणे सुरू झाले. आज चाळीसहून अधिक राज्ये त्यात आहेत. करारानुसार मानसशास्त्रज्ञाला दोन प्रकारची परवानगी मिळू शकते. एक दूरस्थ उपचारांची; तिला दिवसांची मर्यादा नाही, मात्र उपचारकाने आपल्या मूळ राज्यात बसूनच बोलले पाहिजे. दुसरी समक्ष जाऊन काम करण्याची; ती प्रत्येक राज्यात वर्षाला ३० दिवस. मला यातला खरा शहाणपणा तक्रारीच्या कलमात दिसतो. परक्या राज्यात केलेले गैरवर्तन जणू आपल्याच राज्यात घडले आहे असे समजून मूळ राज्याने चौकशी करायची, आणि यजमान राज्यालाही आपल्यापुरती परवानगी रद्द करता येते. हद्द ओलांडायची मोकळीक मिळाली, पण दाद मागायचे ठिकाण हरवले नाही. उणीव एवढीच की डॉक्टरेट नसलेल्यांना यात जागा नाही.

आता बहिणीचे दुर्दैव पाहा. इलिनॉय या करारात आहे, शेजारचे नेव्हाडा आहे; कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क ही दोन मोठी राज्ये २०२४ अखेरपर्यंत त्यात नव्हती. मावशी थट्टेने म्हणाली, "दर आठवड्याला तुला गाडीतून रीनोला नेऊ का? तिथे गाडीतच बसून बोल." रीनो नेव्हाडात आहे, फ्रीमाँटहून चार तासांच्या वाटेवर. बाईंनी करारातली परवानगी घेतलेली असती, तर ही थट्टा अक्षरशः कायदेशीर ठरली असती. डोंगर ओलांडून रस्त्याकडेला गाडी उभी करायची, आणि तेच बोलणे, त्याच बाईंशी, विनाअडथळा!

आपल्याकडे हा पेच या स्वरूपात नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदवही देशभरासाठी एक केली, आणि तीत नाव असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतात कोठेही व्यवसाय करता येतो. पुण्याचा उपचारक बेळगावच्या रुग्णाशी बोलला तर त्याने दिवस मोजायचे कारण नाही. पण आपण फार फुशारकी मारू नये. 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्याला आपल्याकडे वर्षानुवर्षे कोणी काही विचारले नाही; अशा व्यवसायांच्या नोंदणीची तरतूद २०२१ च्या कायद्याने आली. तिथे रुग्णाला दाद मागायला पन्नास मंडळे, आणि इथे पाटी पाहून आत गेलेल्याने कोणाकडे जावे हा प्रश्न. दोहोंपैकी कोणता अधिक जाचक, हे मला ठरवता येत नाही.

चार बैठका संपल्यावर बाईंनी फ्रीमाँटजवळच्या एका मानसशास्त्रज्ञाचे नाव दिले होते. बहीण एकदा गेली. सात महिन्यांत सांगितलेले सगळे पहिल्यापासून सांगायला बसली आणि अर्ध्यावर उठून आली. ऑगस्टमध्ये झोप पुन्हा गेली. सप्टेंबरच्या अखेरीस शिकागोला परतल्यावर बाईंकडचे पहिले तीन आठवडे जूनमधली जागा गाठण्यातच गेले.

पुढच्या उन्हाळ्यात ती घरी गेली नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुट्टीपुरते काम धरून ती शिकागोतच राहिली. मावशीला तिने कामाचे कारण सांगितले.