शेवटच्या मोसमाची सोबत

आपल्या घरी टेनिस आवडीने पाहणारे ज्येष्ठ कुणी असतील, तर २७ जानेवारी २०२३ ची सकाळ आपल्या स्मरणात असेल. मेलबर्नच्या रॉड लेव्हर अरीनात सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिश्र दुहेरीचा अंतिम सामना खेळत होते. मालाडच्या लिबर्टी गार्डन भागात आमच्या शेजारच्या इमारतीतील शहात्तर वर्षांच्या आजी त्या दिवशी पूजा लवकर उरकून दूरचित्रवाणीपुढे बसल्या होत्या. सानिया वाढली हैदराबादला. पण जन्म मुंबईचा, म्हणून ती थोडी आपलीच, हा आजींचा जुना हिशेब. ब्राझीलच्या लुईसा स्टेफानी व राफेल मातोस यांनी तो सामना ७-६, ६-२ असा जिंकला. नंतर बोलताना सानियाचा कंठ दाटून आला. समोर तिचा चार वर्षांचा मुलगा होता. आजी मात्र रडल्या नाहीत. ‘‘दमली असेल हो पोर,’’ एवढेच म्हणाल्या आणि कणीक भिजवायला उठल्या.

आवडत्या खेळाडूचा शेवटचा मोसम उतारवयातील चाहत्याला इतका का भिडतो, हे समजून घ्यायचे तर सानियाच्या त्या वर्षाकडे जरा निरखून पाहावे लागेल. १९ जानेवारी २०२२ रोजी, मेलबर्नलाच महिला दुहेरीत पहिल्या फेरीत हरल्यावर, हा आपला अखेरचा मोसम असेल असे तिने जाहीर केले. कारणे तिने लपविली नाहीत. गुडघा दुखतो, शरीर झिजते आहे, सावरायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो आणि लहान मुलाला घेऊन एवढा प्रवास करणे कठीण जाते. ही वाक्ये पस्तीस वर्षांच्या खेळाडूची. पण आपल्यापैकी कितीजणांनी ती आपल्याच तोंडून ऐकली असतील!

पुढे मात्र सारे ठरल्याप्रमाणे घडले नाही. त्या जुलैमध्ये विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत ती मेट पाविचसह उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचली. सहा ग्रँड स्लॅम विजेतीपदे नावावर असलेल्या सानियाला ही एक स्पर्धा कधीच मिळाली नव्हती, आणि याही वेळी मिळाली नाही. ऑगस्टमध्ये कोपराजवळच्या कंडरेला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोराला, इजा झाली. कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ती सावकाश भरून येते, आणि वय वाढते तशी अधिकच सावकाश. अमेरिकन ओपन हुकली. तेव्हा सानियाने आपला निर्णयच बदलला: दुखापतीने संपविलेला शेवट आपला म्हणून स्वीकारायचा नाही. ती थांबली, बरी झाली, मेलबर्नला परतली आणि अंतिम फेरी गाठून गेली. २१ फेब्रुवारीला दुबईत मॅडिसन कीजसह पहिल्याच फेरीत ४-६, ०-६ अशी हरून तिची व्यावसायिक कारकीर्द संपली. मार्चमध्ये हैदराबादच्या लाल बहादूर स्टेडियमवर, जिथे ती लहानाची मोठी झाली त्या गावात, जिवलगांबरोबर ती प्रदर्शनीय सामने खेळली.

दुबईचा तो दुसरा सेट आजींनी शेवटपर्यंत पाहिला. आम्हाला तो बंद करावासा वाटत होता.

आता त्यांच्या स्वतःच्या मोसमाविषयी. आदल्या पावसाळ्यात ओल्या जिन्यावर त्यांचा पाय घसरला होता. हाड मोडले नाही. पण त्याच संध्याकाळी मुलाने जाहीर केले की, उद्यापासून सोमवार बाजारात भाजीला जाणे बंद. चाळीस वर्षांचा नेम एका वाक्यात संपला. मुलाची भीती खोटी नव्हती. या वयातले दुसरे पडणे महागात पडते, हे डॉक्टरही सांगतात. पण घरात बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल आणखी बिघडतो आणि पडण्याची शक्यता वाढतेच. सहा महिने आजी खिडकीशी बसून होत्या. मेलबर्नच्या सामन्यानंतर आठवडाभरात त्यांनी मुलाला बोलावले आणि विचारले, ‘‘तिला विचारून ठरवले, मग मला न विचारता कसे?’’

काळजीवाहकांनो, हा प्रश्न आपल्या घरीही कधीतरी उठणार आहे. स्वयंपाकाचा गॅस, स्कूटर, बँकेचे व्यवहार, एकट्याने केलेला लोकलचा प्रवास: यांपैकी काही ना काही सुटणार असतेच. ते कधी आणि कसे सुटावे, हे त्या माणसाला आधी ठरवू द्या, आणि ठरवलेले बदलण्याची मुभाही ठेवा.

रोहन बोपण्णाची गोष्ट आजी जरा अधिकच रंगवून सांगतात. सानियाबरोबर तो हरला त्याला बरोबर वर्ष झाले, त्याच दिवशी, २७ जानेवारी २०२४ ला, मॅथ्यू एब्डनसह त्याने त्याच मैदानावर पुरुष दुहेरी जिंकली, वय ४३. त्याच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजली होती, आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीच्या योगाभ्यासाने आपल्याला हात दिला, असे तो सांगत आला आहे. हे ऐकून आजींनी परस्पर पद्मासन घालून पाहिले, आणि दोन दिवस गुडघा शेकत बसल्या. फिजिओथेरपिस्टला किंवा जाणकार शिक्षकाला विचारल्यावाचून तसे करू नये, हे मी त्यांच्याच संमतीने लिहीत आहे.

सामने पाहण्याचेही पथ्य आहे. मेलबर्नचे घड्याळ जानेवारीत आपल्यापुढे साडेपाच तास असते. तिथली दुपार ही आपली सकाळ, त्यामुळे ती स्पर्धा ज्येष्ठांना सोयीची. विम्बल्डन दुपारी साडेतीनला सुरू होते. न्यूयॉर्कच्या सायंकाळच्या सत्राला मात्र आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजतात. त्यासाठी झोप मोडू नये. अंधारात अर्धवट झोपेत उठताना तोल जातो आणि अपुऱ्या झोपेने रक्तदाबही चढतो. सामना दुसऱ्या दिवशी पाहावा. घरच्यांनी निकाल आधी फोडू नये, एवढी मेहेरबानी करावी. खेळाडू बाजू बदलताना बाकावर बसतात, तेव्हा त्यांना नव्वद सेकंद मिळतात. ते बसले की आपण उठावे, खुर्चीचा आधार घेऊन चार पावले टाकावीत. एका सामन्यात सहज दहाबारा वेळा उठणे होते. सामना लांबला म्हणून मधुमेहाची गोळी वा जेवण लांबवू नये, आणि छातीत दुखले तर ‘उत्कंठेने झाले’ असे म्हणून बसून राहू नये.

आजींच्या घरी शेवटी असे ठरले: आठवड्यातून दोनदा बाजार, हातात काठी, पायात न घसरणारी चप्पल, पिशवी नातीच्या खांद्यावर आणि भाव मात्र आजींनीच करायचा. पावसाळ्यात जाणे नाही. दिवाळीनंतर पुन्हा एकत्र बसून पाहायचे, असेही ठरले होते. दिवाळी आली, गेली. त्या बैठकीची तारीख आजींनी दोनदा पुढे ढकलली आहे.