दोन चित्रं आणि एक तिरकं डोकं

(हा या भागाचा लिखित मजकूर. ऐकायचा असेल तर वरचं प्लेचं बटण दाबा. बोलताना सुटलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' वाचणाऱ्यांना त्रास नको म्हणून काढून टाकलेत.)

आजचा विषय चित्रकला आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. मी काही कलेची विद्यार्थिनी नाही, बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहिते. पण गेल्या महिन्यात एका चित्राने माझं डोकं इतकं खाल्लं की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. त्यासाठी तुमचा फोनच लागणार आहे, त्यामुळे तयारी वेगळी काही नको.

००:५० आधी एक प्रयोग

रस्त्यावर पांढऱ्या रंगात 'पुढे शाळा' किंवा 'हळू चला' लिहिलेलं असतं ना? बाइकवरून येताना ते नीट वाचता येतं. पण कधी चालत जाऊन त्या अक्षरांपाशी उभं राहून बघा. अक्षरं विचित्र लांबुळकी दिसतात, कुणीतरी धरून ताणल्यासारखी. क्रिकेटच्या मॅचमध्येही तेच. बाउंड्रीजवळ जाहिरातीचा लोगो उभा ठेवलाय असं टीव्हीवर वाटतं. प्रत्यक्षात तो गवतावर सपाट रंगवलेला असतो, फक्त कॅमेऱ्याच्या जागेवरून सरळ दिसावा असा वाकडा करून.

यामागचं गणित सोपं आहे. एखादी सपाट गोष्ट समोरून न बघता बाजूने तिरकी बघितली की तिची रुंदी आकसते. ३० अंशांच्या कोनातून बघितलं तर रुंदी निम्मी दिसते, १० अंशांतून साधारण सहावा हिस्सा. मग आपण काय करायचं? जेवढी आकसणार आहे, तेवढी आधीच ताणून काढायची. समोरून बघणाऱ्याला ओळखू येणार नाही, पण ठरलेल्या जागी उभा राहणारा बरोबर ओळखेल. याला ॲनामॉर्फोसिस म्हणतात.

आता फोनवर हान्स होल्बाइनचं 'द ॲम्बॅसडर्स' हे चित्र शोधा. १५३३ सालचं आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत असतं. दोन तरुण उभे दिसतील आणि त्यांच्या पायांशी जमिनीवर काहीतरी तिरपा, फिकट पट्टा तरंगताना दिसेल. चित्र त्या पट्ट्यापुरतं मोठं करा. एक डोळा मिटा. फोनची उजवी कड डोळ्याजवळ आणा आणि स्क्रीन जवळपास आडवी होईपर्यंत तिरकी करत न्या.

दिसली? कवटी आहे ती. माणसाची.

०३:०० ते दोघं कोण?

डावीकडचा झाँ दं दँतव्हील, फ्रान्सच्या राजाचा इंग्लंडमधला राजदूत. उजवीकडचा त्याचा मित्र जॉर्ज द सेल्व्ह, हा चर्चमधला बिशप. चित्रातच त्यांची वयं लिहिलेली आहेत: एक २९ वर्षांचा, दुसरा २५. म्हणजे आपल्याच वयाची पोरं! आणि मधल्या मांडणीवर काय काय ठेवलंय बघा. वर आकाशाचा गोल आणि वेळ मोजायची यंत्रं. खाली पृथ्वीचा गोल, गणिताचं पुस्तक, प्रार्थनागीतांचं पुस्तक आणि ल्यूट नावाचं तंतुवाद्य. आजच्या भाषेत, प्रोफाइलवर टाकता येईल ते सगळं आहे.

पण जरा झूम करा. त्या वाद्याची एक तार तुटलेली आहे. अगदी डाव्या वरच्या कोपऱ्यात, हिरव्या पडद्याआड, येशूचा छोटा क्रूस अर्धवट दिसतो. आणि पायाशी मरण पडलंय. दोघं सरळ आपल्याकडे बघतायत, त्यामुळे त्यांना ते दिसत नाही. आपणही समोर उभे राहिलो तर आपल्यालाही कळत नाही. ते दिसायला बाजूला सरकावं लागतं. आणि गंमत म्हणजे, कवटी सरळ दिसायला लागली की ती दोघं माणसं वाकडी होऊन जातात. एका वेळी एकच काहीतरी सरळ दिसणार, एकतर वैभव नाहीतर मरण.

०५:०० आता शिकागोचा चित्रकार

इथून आपण जवळपास ४८० वर्षं पुढे उडी मारतोय, अमेरिकेत. चित्रकार केरी जेम्स मार्शल. जन्म १९५५, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमचा, राहतो शिकागोला. कृष्णवर्णीय आहे. २०१२ मध्ये त्याने एक चित्र केलं, 'स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर'. आकार जवळपास ९ फूट बाय १३ फूट, म्हणजे बऱ्याच जणांच्या बेडरूमची भिंत संपेल. आज ते त्याच्या जन्मगावच्याच संग्रहालयात आहे.

चित्रात काय आहे? पार्लर. कृष्णवर्णीय बायकांचं ब्यूटी पार्लर. कुणाचे केस चाललेत, कुणी गप्पा मारतंय, कुणी ऐटीत उभी आहे. भिंतीवर ख्रिस ओफिली या चित्रकाराच्या प्रदर्शनाचं पोस्टर आहे. मागे आरसा आहे आणि आरशात फ्लॅशचा झगझगीत उजेड. कुणीतरी फोटो काढतंय, पण फ्लॅशमुळे त्याचा चेहरा दिसत नाही. ज्यांनी स्पेनच्या वेलाझक्वेझचं १६५६ सालचं 'लास मेनिनास' बघितलंय त्यांना इथे चटकन ओळख लागेल. त्यात मागच्या आरशात राजा-राणी दिसतात. मार्शलच्या आरशात राजा-राणी नाहीत, कॅमेरा धरलेला कुणीतरी आहे.

आणि समोर, जमिनीजवळ, एक तिरपा, ताणलेला, पिवळसर आकार तरंगतोय.

तुम्हाला आता युक्ती माहीत आहे. फोन तिरका करा.

ती डिस्नेची स्लीपिंग ब्यूटी आहे. सोनेरी केस, गोरा रंग.

०७:१० मग ही कॉपी का नाही?

मला पहिला प्रश्न हाच पडला. आमच्या कामात दुसऱ्याचा कोड उचलून स्वतःच्या नावावर खपवला तर लाज वाटायला हवी. पण कुणीतरी लिहिलेली लायब्ररी सरळ नाव घेऊन वापरली आणि तिच्यावर नवीन काही उभं केलं, तर ती चोरी नसते, रोजचं काम असतं.

चित्रकलेत हे फार जुनं आहे. फ्रान्सच्या एदुआर माने याचं १८६३ सालचं 'गवतावरचं जेवण' घ्या. त्या काळी त्या चित्रावरून मोठा गदारोळ झाला होता. पण त्यातल्या तिघांची बसायची ढब मानेने राफाएलच्या चित्ररचनेवरून केलेल्या एका छापचित्रातून घेतली होती, आणि ते तेव्हाच साडेतीनशे वर्षं जुनं होतं. मार्शलने १९९७ मध्ये 'पास्ट टाइम्स' हे सहलीचं चित्र केलं, त्यात पुन्हा मानेचं ते जेवण आठवतं आणि जॉर्ज सरा या चित्रकाराची नदीकाठची रविवारची गर्दीसुद्धा. फक्त आता सहलीला आलेलं कुटुंब कृष्णवर्णीय आहे. हेच चित्र २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २ कोटी १० लाख डॉलरच्या वर गेलं.

मोठमोठ्या संग्रहालयांत ज्यांना 'मास्टर' म्हणतात त्यांच्या चित्रांत काळी माणसं असलीच तर बहुतेकदा कोपऱ्यात, नोकर म्हणून. मार्शल त्या संग्रहालयांवर रागावून बाहेर पडला नाही. त्यांची सगळी व्याकरणं शिकला आणि त्याच व्याकरणात आपली माणसं मध्यभागी आणून बसवली. त्यांचा रंगही त्याने तपकिरीकडे झुकवला नाही. आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक, मार्स ब्लॅक असे वेगवेगळे काळे घेऊन, त्यांत निळा, हिरवा, जांभळा मिसळून तो काळ्यातच छटा काढतो. फोनवर बघताना ब्राइटनेस वाढवा, नाहीतर हे सगळं एकच काळं दिसेल.

आणि पुन्हा त्या डोक्याकडे या. होल्बाइनने जिथे मरण ठेवलं होतं, तिथे मार्शलने गोऱ्या राजकन्येचं डोकं ठेवलंय. मला वाटतं, चित्राचा सगळा जोर या अदलाबदलीत आहे. मूळ चित्र माहीत नसेल तर ते डोकं नुसतं गमतीशीर वाटेल. माहीत असेल तर अंगावर काटा येतो. कारण मग कळतं, या हसऱ्या, रंगीत खोलीत 'सुंदर म्हणजे गोरी' ही कल्पना तशीच पडून आहे, जशी त्या दोन तरुणांच्या पायाशी कवटी होती. मोठ्यांपैकी तिच्याकडे कुणीच बघत नाहीये. बघतंय ते एक लहान मूल, वाकून.

०९:४० हे माझ्या डोक्यात का बसलं

आता थोडं स्वतःचं. मी सावळी आहे. घरात कुणी त्यावरून कधी टोमणे मारले नाहीत, उलट लाडच झाले. गेल्या वर्षी स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा बायोडेटासाठी फोटो काढायला आमच्याकडच्या एका स्टुडिओत गेले. फोटो हातात आला. चेहरा माझा, रंग भलत्याच कुणाचा. मांडीवर ठेवलेले हात मात्र माझेच राहिले होते, ते उजळायचे विसरले होते बहुतेक.

मी विचारलं, "काका, मी सांगितलं नव्हतं ना असं करायला?"

ते अगदी प्रेमाने म्हणाले, "अगं, कुणीच सांगत नाही. सगळ्यांचेच करतो."

आई म्हणाली, असू दे, छान आलाय. तो फोटो चार-पाच घरी गेला. खरं सांगू? मीही थांबवला नाही.

अमेरिकेतला वर्णद्वेष आणि आपल्याकडचं गोरेपणाचं वेड एकच आहे असं मी म्हणत नाहीये. तिथे गुलामगिरीचा इतिहास आहे, आपल्याकडे जात आणि लग्नाचा बाजार आहे, गुंता वेगळा आहे. पण "कुणीच सांगत नाही, सगळ्यांचेच करतो" हे वाक्य मला ते चित्र बघताना आठवलं. कुणी वाईट नव्हतं तिथे. काका चांगले, आई चांगली, मी तर बिचारी. आणि सगळ्यांच्या मधोमध ते डोकं तरंगत होतं. आम्ही समोरून बघत होतो, म्हणून दिसत नव्हतं.

जुन्या चित्राचा आधार घेऊन नवीन चित्र काढायचा फायदा मला इथे समजला. होल्बाइनने शिकवलं की बाजूला सरकून बघ. मार्शलने तीच सवय घेतली आणि विचारलं, आता सांग, तुझ्या खोलीत काय पडलंय?

११:३० जाता जाता

या आठवड्यात एवढंच करा: दोन्ही चित्रं फोनवर शेजारी ठेवून बघा, तिरकी करून बघा, आणि घरातल्या एखाद्या लहान मुलाला दाखवा. ते बहुतेक तुमच्या आधी ओळखेल. काय म्हणालं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा.

आणि हो, बायोडेटातला फोटो मी बदललाय. गॅलरीत उभी राहून मैत्रिणीने फोनवर काढलेला आहे, फिल्टर बंद करून. आईने तो बराच वेळ निरखून बघितला आणि म्हणाली, "संध्याकाळी काढला का गं?"

दुपारी बारा वाजता काढला होता.

चला, भेटू पुढच्या भागात.