माल्टाच्या आभाळातून पडलेली विमानं

माल्टाच्या तीन विमानांची गोष्ट विमानवेड्या माणसाला कधी ना कधी भेटतेच. १० जून १९४० रोजी इटलीने युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सिसिलीकडून आलेल्या विमानांनी माल्टावर बॉम्ब टाकले. बेटाच्या रक्षणाला होती म्हणे फक्त तीन दुपंखी, जुनाट ग्लॅडिएटर विमानं: ‘फेथ’, ‘होप’ आणि ‘चॅरिटी’. या तिघांनी अख्खं इटालियन हवाई दल महिनोन् महिने थोपवून धरलं, एकेक करत ती पडली आणि शेवटी एकटी ‘फेथ’ उरली. गोष्ट इतकी बांधेसूद आहे की तिथेच शंका यायला हवी.

खरी हकिकत थोडी अस्ताव्यस्त आहे. ‘ग्लोरियस’ ही विमानवाहू नौका माल्टाहून गेली तेव्हा नौदलाची काही सी ग्लॅडिएटर विमानं कालाफ्रानाच्या तळावर खोक्यांतच पडून राहिली. बेटावर एकही लढाऊ विमान नव्हतं, म्हणून ती खोकी फोडली आणि विमानं जोडून हाल फारच्या धावपट्टीवर उभी केली. जोडलेली विमानं तीनच नव्हती. काही उडत, काही राखीव असत, काही सुट्या भागांसाठी कामी येत. एका वेळी आकाशात जेमतेम तीन दिसत, बरेचदा त्याहून कमी, आणि ‘तीन’ हा आकडा बहुधा तिथून चिकटला. वैमानिकही लढाऊ विमानांवर तयार झालेले नव्हते. त्यांतला जॉर्ज बर्जेस हा मूळचा उडत्या बोटींचा चालक, आणि त्या वेळी हवाई दलाच्या तिथल्या प्रमुखाचा साहाय्यक म्हणून टेबलावर बसलेला.

‘महिनोन् महिने’ हा भाग तर साफ चुकीचा. जून संपायच्या आतच इजिप्तकडे निघालेली काही हरिकेन लढाऊ विमानं माल्टात अडवून ठेवली गेली. ग्लॅडिएटर एकटी लढली ती तीन आठवड्यांहूनही कमी काळ. जुलैअखेर एक पडलं. वैमानिकाने हवाई छत्रीने उडी टाकली, पण तो फार भाजला होता. उरलेल्यांतली काही जमिनीवरच बॉम्बखाली सापडली. नावांचं म्हणाल, तर ती जून १९४० मध्ये कुणाच्या तोंडी होती याचा भक्कम पुरावा नाही, पुढे ती रुळली. विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी संत पौलाच्या पत्रातली, आणि बायबलमधल्या हकिकतीनुसार पौलाचं जहाज फुटलं ते याच बेटाच्या किनाऱ्यावर. माल्टासारख्या श्रद्धाळू ठिकाणी ही नावं लोकांना भावली यात नवल नाही. ‘फेथ’ म्हणून ओळखला जाणारा सांगाडा सप्टेंबर १९४३ मध्ये माल्टाच्या जनतेला भेट दिला गेला आणि आज तो व्हॅलेटातल्या सेंट एल्मो किल्ल्याच्या युद्धसंग्रहालयात आहे.

माझी तक्रार दंतकथेबद्दल नाही. या गोष्टीने खोकी फोडून विमानं जोडणाऱ्या आणि ब्लेनहाइम बॉम्बरच्या इंजिनांचे भाग ग्लॅडिएटरला बसवणाऱ्या मेकॅनिकांना पार झाकून टाकलं, तेवढं मात्र खटकतं.

अशा दंतकथांतूनच दुसरा, जास्त पसरलेला समज येतो: युद्धात विमान पडलं म्हणजे शत्रूने पाडलं. माल्टाभोवतालच्या समुद्राने इतकी विमानं गिळली, ती सगळी हवेतल्या झुंजीतच गेली असणार! १७ नोव्हेंबर १९४० ची सकाळ याला चोख उत्तर देते.

त्या दिवशी ‘आर्गस’ या विमानवाहू नौकेवरून बारा हरिकेन माल्टाकडे निघाली. सहा-सहाच्या दोन तुकड्या, आणि प्रत्येकीला वाट दाखवायला एक स्कुआ विमान. इटालियन नौदलाच्या मोठ्या युद्धनौका समुद्रात असल्याची खबर होती, म्हणून ‘आर्गस’ने फार पुढे जायचं टाळलं आणि विमानं लांबूनच सोडली. हिशेबात अंतर बसत होतं. वाटेत वाऱ्याने दिशा बदलली आणि पाठीवरचा वारा समोरून यायला लागला. त्यात, कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त पल्ला गाठायला इंजिन आणि पंखा कसा चालवायचा, याचं पुरेसं शिक्षण त्या वैमानिकांना मिळालेलं नव्हतं. पहिल्या तुकडीतली दोन हरिकेन इंधन संपून समुद्रात पडली. चार आणि त्यांची स्कुआ कशीबशी माल्टातल्या लुका विमानतळावर उतरली, टाक्या जवळपास कोरड्या झालेल्या. दुसरी तुकडी वाट चुकली. तिच्यातली सहाच्या सहा हरिकेन समुद्रात गेली आणि वाटाड्या स्कुआ सिसिलीत जाऊन आदळली. चौदापैकी पाच पोहोचली. ती नऊ गमावली तेव्हा त्यांच्या वाटेवर शत्रूचं एकही लढाऊ विमान आडवं आलेलं नव्हतं. सिसिलीतल्या तोफा त्या शेवटच्या स्कुआवर झाडल्या गेल्या, पण तोवर ती मुळात चुकलेलीच होती.

छोट्या बेटाचा खरा धोका इथे कळतो. माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर यांच्या निम्म्याहून किंचित जास्त. पाच अंश चुकलात तर समोर नुसतं पाणी. मुख्य भूमीवर इंधन संपलं तर निदान एखादं शेत सापडतं.

आणि पोहोचली म्हणजे वाचली असंही नव्हे. २० एप्रिल १९४२ ला अमेरिकेच्या ‘वॉस्प’ नौकेवरून निघालेली ४६ स्पिटफायर माल्टाला सुखरूप उतरली. शत्रूला रडारवर त्यांची चाहूल लागलीच होती. तळावर त्यांना इंधन आणि दारूगोळा भरून तयार करेपर्यंत बॉम्बर येऊन ठेपले, आणि थोड्याच दिवसांत उडण्याजोगी स्पिटफायर बोटांवर मोजण्याइतकी उरली. ९ मे रोजी दुसरी मोठी तुकडी आली तेव्हा तयारी वेगळी होती. प्रत्येक विमानासाठी मातीच्या भिंतींचा आडोसा ठरलेला, हाताशी माणसं आणि इंधनाचे डबे. विमान थांबताच नवा वैमानिक उतरायचा, माल्टाचा मुरलेला वैमानिक त्याच्या जागी बसायचा, आणि काही मिनिटांत विमान पुन्हा हवेत. डब्यांनी इंधन ओतणारे सैनिक त्या दिवशी वैमानिकांइतकेच महत्त्वाचे होते, हे तिथले वैमानिकही कबूल करत.

तेव्हाच्या बातम्यांत ‘आज इतकी विमानं पाडली’ असे आकडे येत, त्यांवरून समुद्रतळाची मोजदाद करू नये. एकाच विमानावर दोघांनी गोळ्या झाडल्या की दोघेही ते आपल्या नावे मांडत. खाली झेपावलेलं, काळा धूर सोडणारं विमान पडलंच असं वरच्याला वाटे, आणि ते लाटांजवळून सिसिलीला परत जाई. हे दोन्ही बाजूंनी झालं आणि बरेचदा प्रामाणिकपणे झालं.

युद्ध संपलं की विमानं पडायची थांबली, असंही कोणी समजू नये. ५ एप्रिल १९४६ रोजी एक वेलिंग्टन बॉम्बर माल्टातल्या रबात गावावर कोसळलं. विमानातले चारही जण गेले आणि जमिनीवरचे सोळा गावकरीही. बेट दाट वस्तीचं, धावपट्टीच्या टोकालाच गावं सुरू होतात. लुका, गुड्या, किरकोप, साफी, झुरिए, सगळी एकमेकांना खेटून.

झुरिएजवळ १८ फेब्रुवारी १९५६ ला झालेला अपघात आकड्याने सर्वांत मोठा. सुएझ कालव्याच्या पट्ट्यातून घरी निघालेले ब्रिटिश सैनिक एका खासगी कंपनीच्या यॉर्क विमानात होते. यॉर्क म्हणजे लँकेस्टर बॉम्बरचेच पंख, शेपूट आणि इंजिनं, फक्त धड नवं. लुकाहून उडताच डावीकडच्या बाहेरच्या इंजिनाने दगा दिला, धूर आणि आग दिसली. चार इंजिनांचं विमान तीन इंजिनांवर उडू शकतं, पण वेग राखला तरच. तो घटत गेला, पंखाखालची उचल सुटली आणि विमान खाली आलं. ४५ प्रवासी आणि ५ कर्मचारी, एकही वाचला नाही. ‘इंजिन बंद पडलं म्हणून विमान पडलं’ असं आपण सहज म्हणून जातो. चौकशीत मात्र बंद इंजिनासोबत वेगावरचा सुटलेला ताबाही आला, आणि जीव घेणारी गोष्ट ती होती.

आता व्हल्कन. लष्करी विमानातून सगळ्यांना इजेक्शन सीटने बाहेर पडता येतं, ही समजूत १४ ऑक्टोबर १९७५ ला झब्बार गावावर किती पोकळ ठरली ते पाहा. ब्रिटिश हवाई दलाचं हे अजस्र त्रिकोणी बॉम्बर लुकाला उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं. हादऱ्याने चाकांचा सांगाडा पंखात घुसला, टाकी फुटली. पुन्हा घिरटी घालून उतरायचं असं ठरवून विमान वर गेलं, पण पंखाने पेट घेतला होता. झब्बारच्या डोक्यावर त्याचा स्फोट झाला. विमानात सात जण होते. व्हल्कनमध्ये इजेक्शन सीट फक्त दोघा वैमानिकांना असे, आणि ते दोघे वाचले. मागच्या कप्प्यातल्यांना बाहेर पडायला पोटाखालचं एक दार तेवढं होतं. ते पाचही जण गेले. गावात जळते तुकडे रस्त्यांवर आणि गच्च्यांवर पडले, बरेच जण जखमी झाले, पण मृत्यू एकच झाला: तुटून पडलेल्या विजेच्या तारेने सॅंक्च्युअरी स्ट्रीटवर एक बाई गेली. विमानाचे काही भाग झब्बारच्या चर्चच्या संग्रहालयात ठेवलेले आहेत. एवढ्या दाट वस्तीत एकच कशी दगावली, याला गावकरी चमत्कार मानतात. मी त्याच्या आड येणार नाही.

माल्टात विमानात सर्वाधिक माणसं मेली ती मात्र कोसळण्याने नाही. नोव्हेंबर १९८५ मध्ये अपहरण झालेलं इजिप्तएअरचं विमान लुकाला उतरलं, इजिप्तच्या कमांडोंनी त्यावर धाड घातली, आग लागली आणि धूर कोंडला. साठेक जण मेले. अपघातांच्या याद्यांत ही घटना कधीकधी सरमिसळ होऊन येते, ती वेगळी ठेवायला हवी.

२४ ऑक्टोबर २०१६ ला उड्डाणानंतर लगेच एक छोटं दोन इंजिनी विमान पडलं आणि पाच फ्रेंच माणसं गेली. पहिल्या तासाभरात जगभर बातमी फिरली ती ‘युरोपीय सीमासंस्था फ्रंटेक्सचे अधिकारी ठार’ अशी. फ्रंटेक्सने लगेच इन्कार केला. विमान फ्रान्सच्या टेहळणीच्या कामावर होतं आणि मृतांत फ्रेंच संरक्षण मंत्रालयाची माणसं होती. पहिली बातमी आजही काही पानांवर तशीच आहे.

राहता राहिला समुद्रतळ. तिथला प्रत्येक सांगाडा म्हणजे वैमानिकाचं थडगं, असं डुबकी मारायला येणाऱ्यांना वाटतं. मार्साश्लोकच्या बाजूला ४२ मीटरवर असलेलं ब्लेनहाइम डिसेंबर १९४१ मध्ये पाण्यावर उतरवलं गेलं, आतले सगळे वाचले. स्लिमासमोर ३८ मीटरवर उलटं पडलेलं बोफायटर मार्च १९४३ मध्ये उड्डाणानंतर जोरजोरात थरथरू लागलं, वेग गेला आणि ते पाण्यात उतरलं. आतल्या दोघांनाही होडीने उचललं. याउलट मे १९४३ मध्ये बेनहाय्साजवळ पडलेल्या अमेरिकन लिबरेटरमधले नऊ वाचले, एक आतच राहिला. माल्टा विद्यापीठाच्या सागरी पुरातत्त्वज्ञांनी पंचावन्न-साठ मीटर खोलीवर काम करून अवशेष वर काढले आणि आठ दशकांनी त्याची ओळख पटली.

म्हणून तिथे आता ‘एक नट तरी आठवण म्हणून आणू’ चालत नाही. ही विमानं कायद्याने सांस्कृतिक वारसा आहेत, ऐतिहासिक सांगाड्यांवर उतरायला हेरिटेज माल्टाच्या विभागाची परवानगी लागते, आणि हौशी डायव्हिंगची सर्वसाधारण मर्यादा ४० मीटर असल्याने ब्लेनहाइमसाठी त्यापुढचं प्रशिक्षणही. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी यातल्या बऱ्याच सांगाड्यांची त्रिमितीय चित्रं ऑनलाइन ठेवलेली आहेत, फुकट.