मोठा एसएमपीएस म्हणजे मोठं बिल नव्हे

सावद्यात जुन्या कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवताना एक शंका हमखास निघते: ४५० ऐवजी ६५० वॅटचा एसएमपीएस (घरातल्या विजेचा दाब कमी करून ती आतल्या भागांना पुरवणारी पेटी) घेतला तर बिल वाढेल का? नाही. तो आकडा क्षमतेचा आहे, खपाचा नाही. केळीच्या मळ्यातल्या १०० केव्हीएच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) एकच मोटार चालू असेल, तर डीपी त्या मोटारीपुरतीच वीज देते.

आरटीएक्स ३०६० कार्ड साधारण १७० वॅट घेतं, मध्यम प्रोसेसर ९०, बाकीचे भाग ५० धरा. बेरीज ३१०. तरी एनव्हिडिया ५५० वॅट सुचवते, कारण कार्ड क्षणभर १७० वॅटहून बरंच जास्त ओढतं आणि पेटी अपुरी असेल तर गेम रंगात आला की मशीन बंद पडतं.

खरी फसगत लेबलात असते. स्वस्त पेटीवर मोठा आकडा झळकतो. आपण १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहावेत. कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः त्याच पुरवठ्यावर चालतात. तिथे ३० अँपिअर असतील तर हाती फक्त ३६० वॅट. आपल्याकडचा मे महिन्यातला उकाडा बघता ही क्षमता ४० अंशांवर मोजली आहे की ५० वर, हेही दुकानदाराला विचारावं.