हुंडणावळ आणि जोखीम



आपल्या शहरात छावणीला दर गुरुवारी बाजार भरतो. तेथे बैल घ्यावयास गेलेला शेतकरी काय करतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तो बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो. विकणाऱ्याला गाव विचारतो, मग त्या गावात आपल्या नात्यागोत्याचा कोणी निघतो का, याचा अदमास घेतो. हे सारे झाल्यावर एका हाताने दावे धरतो आणि दुसऱ्या हाताने पैसे मोजतो. दाव्याआधी पैसे देणारा शहाणा त्या बाजारात सहसा सापडत नाही. आता त्याच शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा घरी बसून, न पाहिलेल्या माणसाला, न पाहिलेल्या वस्तूचे पैसे अर्ध्या मिनिटात धाडतो. या दोघांत जास्त शिकलेला कोण, हे मी विचारीत नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे की, पैसे गेले आणि वस्तू अजून यावयाची आहे, या मधल्या काळात जोखीम कोणाची?

माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्या नातीला गेल्या वर्षी पदविकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून गुरुजींनी मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती पाहावयास सुरुवात केली. एक लॅपटॉप सोळा हजारांत मिळत होता. विकणारा म्हणाला, "मी फौजी आहे, छावणीत असतो, बदली सरहद्दीवर झाली आहे, म्हणून सामान काढतो आहे." गणवेशातील छायाचित्र आणि ओळखपत्रही त्याने पाठविले. ज्या शहरात खरोखरच लष्कराची छावणी आहे, तेथे ही थाप किती सहज पचावी! प्रथम इसार म्हणून २,००० रुपये गेले. मग फाटकातून सामान बाहेर काढण्याच्या परवान्याचे १,५५० गेले. मग "पावती निघत नाही, अजून साडेसात हजार भरा, जादा रक्कम लगेच परत येईल," असा निरोप आला आणि तेही गेले. एकूण ११,०५० रुपये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आणि नात छावणीच्या फाटकाशी गेले. पहाऱ्यावरच्या जवानाने नाव ऐकून घेतले आणि हळूच सांगितले, "बाबा, या नावाचं इथं कोणी नाही." परतीच्या वाटेवर नात म्हणाली, "आजोबा, मला लॅपटॉप नकोच होता." गुरुजी मला म्हणाले, पैसे गेल्यापेक्षा ते वाक्य अधिक लागले. लाजेपायी त्यांनी चार दिवस ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. त्या चार दिवसांची काय किंमत पडली, ते पुढे येईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अनोळखी माणसाशी दूरवरून व्यवहार करण्याची अडचण आजची नव्हे. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी वसविली, तिचे पुढे औरंगाबाद झाले, आणि या दख्खनच्या पेठेतून सुरत-बऱ्हाणपूरकडे माल जाऊ-येऊ लागला. रोकड बैलावर लादून नेणे धोक्याचे, म्हणून व्यापारी सावकाराची हुंडी वापरीत. सावकार या कामाबद्दल जो आकार घेई, त्याला हुंडणावळ म्हणत. शब्द आज मागे पडला आहे, पण त्यात मोठे शहाणपण साठविलेले आहे. हुंड्यांचे प्रकार पाहा. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेत पत असलेल्या 'शहा'लाच मिळत. येणाऱ्याची ओळख पटविणे हे सावकाराचे काम. जोखमी हुंडी तर त्याहून पुढची. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे. माल वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे हुंडणावळ देणारा केवळ पैसे पोचविण्याचे भाडे देत नव्हता. कोणीतरी मध्ये उभे राहावे, ओळख पटवावी आणि जोखीम उचलावी, याचे ते मोल होते.

पोस्टखात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. ची पद्धत सुरू केली, तीही याच जातीची. पोस्टमन पार्सल घेऊन दारात येई, पैसे घेई आणि मग पार्सल हातात देई. खाते मध्ये उभे राही व त्याबद्दल आकार घेई. तिच्यात एक छिद्र होते. पैसे भरल्यावाचून पार्सल फोडता येत नसे, आणि त्यामुळे घड्याळाच्या जागी दगड निघाल्याच्या कथा आपण वडिलांच्या तोंडून ऐकल्या आहेत. मध्यस्थ किती अंतरापर्यंत मध्ये उभा आहे, हे पाहणे किती अगत्याचे आहे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता यूपीआय पाहू. ही सोय २०१६ मध्ये सुरू झाली. दुकानदाराकडून यूपीआयच्या व्यवहारावर कापला जाणारा आकार सरकारने १ जानेवारी २०२० पासून शून्य केला, आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे पाठविण्यासही आकार पडत नाही. ही सोय अपूर्व आहे, यात शंका नाही. भाजीवाल्या मावशीपासून मोंढ्यातील व्यापाऱ्यापर्यंत सर्वांना तिचा लाभ झाला. परंतु हुंडणावळ वाचली तेव्हा हुंडणावळीतून मिळणारी वस्तूही गेली, हे आपण विसरलो. यूपीआयने अनोळखी माणसाला पैसे देणे म्हणजे त्याच्या हातावर रोख नोटा ठेवणे होय. बँकेने पैसे बिनचूक पोचविले की तिचे काम संपले. लॅपटॉप चालतो की नाही, किंबहुना तो आहे की नाही, हे पाहण्याचे काम तिच्याकडे कोणी सोपविलेलेच नाही.

यावर कोणी म्हणेल, "रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत ना?" आहेत, पण ते कशासाठी आहेत हे नीट पाहिले पाहिजे. जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, तुमच्या संमतीवाचून कोणी तुमच्या खात्यातून पैसे काढले, त्यात तुमची चूक नसली आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळविले, तर तुमच्यावर भार पडत नाही. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने असे ठरविले की, खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला पोचलेच नाहीत आणि ते मुदतीत परतही आले नाहीत, तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी. म्हणजे पहिला नियम चोरीचा आणि दुसरा यंत्राच्या बिघाडाचा. गुरुजींच्या बाबतीत चोरी झाली नाही आणि यंत्रही बिघडले नाही. त्यांनी आपल्या हाताने पिन टाकला आणि पैसे जेथे धाडले तेथेच पोचले. फसविले ते मनाला, खात्याला नव्हे.

ग्राहक न्यायालयाची वाटही येथे अरुंद होते. २०२० च्या ई-व्यापार नियमांनी, जो माणूस धंदा म्हणून नव्हे तर खाजगी रीत्या एखादी वस्तू विकतो, त्याला आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. आपल्या घरातील जुनी सायकल विकणारा गृहस्थ काही दुकानदार नव्हे, हे तत्त्व योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की, दुकानातून घेतलेल्या जुन्या वस्तूमागे जे संरक्षण आहे, ते खाजगी विक्रीमागे नाही. फसवणूक झाली तर भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ ड कलम आहे. परंतु ही कलमे आरोपी सापडल्यानंतरची.

मग मध्ये उभा राहणारा कोणी आज उरलाच नाही काय? आहे, पण तो फुकट मिळत नाही. क्रेडिट कार्डाने नोंदणीकृत विक्रेत्याला पैसे दिले आणि माल आलाच नाही, तर बँकेमार्फत रक्कम परत मागण्याची रीत आहे. त्याचे मोल विक्रेता आपल्या रकमेतून कापून देत असतो. ईबे या अमेरिकन कंपनीने २००४ मध्ये बाझी हे भारतीय संकेतस्थळ घेतले. पुढे तेथे 'पैसापे' नावाची सोय होती. ग्राहकाचे पैसे थेट विक्रेत्याला न देता मध्ये धरून ठेवावयाचे, आणि विक्रेत्याकडून दलाली घ्यावयाची. आधुनिक जोखमी हुंडीच ती! ईबेचा भारतातील हा व्यवसाय २०१८ मध्ये बंद झाला.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथे पेपालवर पैसे पाठविण्याचे दोन मार्ग असतात, एक वस्तूच्या किमतीसाठी आणि एक मित्र-आप्तांसाठी. पहिल्यात विकणाऱ्याकडून सुमारे तीन टक्के कापले जातात आणि वस्तू आली नाही तर १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते. दुसऱ्यात बँक खात्यातून पाठविल्यास देशांतर्गत आकार नाही आणि संरक्षणही नाही. लबाड विकणारा नेमका म्हणतो, "मित्र म्हणून पाठवा, तेवढेच तीन टक्के वाचतील." ज्याला आपण काल ओळखत नव्हतो, तो आज तीन टक्क्यांसाठी आपला मित्र होतो! पेपालने भारतातील देशांतर्गत व्यवहार एप्रिल २०२१ पासून थांबविले. पण दोन मार्गांतील हा भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता व्यवहारात काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

मालविक्रीचा आपला कायदा १९३० चा आहे. त्याचे ३२ वे कलम म्हणते की, वेगळा करार नसेल तर माल देणे आणि किंमत देणे या गोष्टी एकाच वेळी व्हाव्यात. हा छावणीच्या बाजाराचाच नियम. तेव्हा खाजगी माणसाकडून वस्तू घ्यावयाची तर शहरातल्या शहरात, दिवसा, चार माणसांत घ्यावी. वस्तू चालवून पाहावी. आणि मग तेथेच उभे राहून यूपीआयने पैसे द्यावेत. अशा वेळी यूपीआयसारखे उत्तम साधन नाही. वस्तू दुसऱ्या गावी असेल तर त्या गावचा एखादा आप्त पाहावयास पाठवावा. पाहिल्यावाचून इसार देऊ नये, मग तो शंभर रुपयांचा का असेना. कारण मोठी रक्कम देण्याची सवय लहान रकमेनेच लागते.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो देण्यासाठी. आपण विकणारे असू आणि समोरचा "हा चौकोन स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील" म्हणू लागला, तर संभाषण तेथेच संपवावे. एका व्यक्तीने दुसरीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी धाडण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, ती अशाच फसवणुकीमुळे. तसेच २०२५ च्या मध्यापासून पैसे पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव पडद्यावर दिसते. ते नाव वाचावे. विकणारा स्वतःचे एक नाव सांगतो आणि पडद्यावर दुसरेच उमटते, तर आपला 'शहा' खोटा आहे असे समजावे. मात्र नाव जुळले म्हणून माल खरा, असेही मानू नये.

मध्यस्थ घ्यावयाचा तर तो आपण निवडावा. "या दुव्यावर पैसे भरा, कंपनी सांभाळून ठेवील," असे विकणाराच सांगू लागला, तर ती कंपनी त्याच्याच खिशात असण्याचा संभव फार.

आणि एवढे करूनही फसलो तर? तर ताबडतोब १९३० हा क्रमांक फिरवावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. कायद्याचे साल आणि मदतीचा क्रमांक एकच निघावा, हा योगायोग आहे; पण लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे. पैसे भामट्याच्या खात्यात पडलेले असतील तोवर ते गोठविता येतात. ते एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि मग रोखीने बाहेर गेले, की हाती फक्त तक्रारीची पोच राहते. तेथे तासांचा हिशेब असतो, आणि गुरुजींनी चार दिवस घालविले होते. त्यांना फसविले भामट्याने. पण त्याला पळून जाण्यास वेळ दिला तो लाजेने. म्हणून घरातील कोणी फसला तर "तुला एवढेही कळले नाही?" हा प्रश्न त्या दिवशी तरी कोणी विचारू नये. आधी फोन करावा.

गुरुजींच्या नातीला पुढे लॅपटॉप मिळाला. जुनाच, पण दुकानातून; पक्के बिल आणि सहा महिन्यांची हमी यांसह. जाहिरातीतल्यापेक्षा तीन हजार रुपये अधिक पडले. गुरुजी खंतावून म्हणाले, "तीन हजार जास्त गेले." मी म्हणालो, "गुरुजी, ते जास्त गेले नाहीत. ती हुंडणावळ आहे." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आधीच दिली असती, तर स्वस्त पडली असती."